थंडीत ॲक्वापोनिक्सचे बॅक्टेरिया: पावडर, महागडी बाटली आणि फुकटचा स्पंज, तिन्ही वापरून झाल्यावर

डिसेंबरात गच्चीवर ॲक्वापोनिक्स (म्हणजे माशांच्या टाकीतल्या पाण्यावर भाजी वाढवायची पद्धत) चालू करायचं ठरवलंय आणि दुकानदार म्हणतोय ही बॅक्टेरियाची बाटली टाका नि आठव्या दिवशी मासे सोडा, तर पैसे द्यायच्या आधी हे वाचून घ्या. मी नाशिकची, यंदाच्या थंडीत मी दोन प्रॉडक्ट विकत घेतली, एक पावडर आणि एक लिक्विड, आणि तिसरी गोष्ट एका दुकानदाराने फुकट दिली. तिन्हीचा रिव्ह्यू एकत्रच लिहितेय कारण वेगवेगळा लिहिला तर कशाचा कशाला ताळमेळ लागणार नाही. ब्रँडचं नाव टाकत नाही, लेबलवर काय बघायचं ते सांगते, ते एकदा कळलं की कुठल्याही दुकानात उपयोगी पडेल.

आधी सेटअप सांगते म्हणजे आकडे समजतील. माशांची टाकी ३०० लिटरची, सिंटेक्सची वरून कापून घेतलेली. तिच्या शेजारी लोखंडी स्टँडवर ग्रो बेड, म्हणजे झाडं लावायचा ट्रे, ४ फूट बाय २ फूट, खोली एक फूट, त्यात २० एमएमची काळी खडी. आपल्याकडची काळी खडी बेसाल्टची असते त्यामुळे पीएच चढत नाही, तरी मी आणल्याबरोबर एका वाटीत व्हिनेगर घालून चार दगड टाकून बघितले, फेस आला असता तर चुनखडीचा दगड म्हणून परत केली असती. धुवायलाच दोन दिवस गेले, त्या धुळीचा गाळ संपतच नाही. पाणी पंपाने वर, बेल सायफनने (बेड भरला की आपोआप रिकामा करणारी नळी) खाली, तासाला १५ मिनिटं पंप चालू, बाकी वेळ बंद. बेडमध्ये पालक, मेथी आणि पुदिना.

ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मासे अमोनिया सोडतात, तो साठला की मासे मरतात. एका प्रकारचे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात, ते पण माशांना विषच, रक्तातला ऑक्सिजन वाहून नेण्याचं काम बंद पडतं. दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट करतात आणि नायट्रेट म्हणजे झाडांचं खत. हे बॅक्टेरिया पाण्यात तरंगत नाहीत, खडीवर, पाइपच्या आतून, स्पंजवर बुळबुळीत थर करून राहतात, आणि ते तयार होईपर्यंत जे काही आठवडे जातात त्याला सायकलिंग म्हणतात. सगळा खेळ इथे आहे आणि थंडीत सगळं अडतं ते पण इथेच.

मी मासे न सोडता सायकल करायचं ठरवलं, म्हणजे माशांऐवजी अमोनिया आपण घालायचा. त्यासाठी नवसागर. कल्हईवाला भांडं तापवून त्यात चिमूटभर टाकतो आणि पांढरा धूर येतो तोच, अमोनियम क्लोराइड. पण बाजारातला नवसागर कितपत शुद्ध असेल याची खात्री वाटेना म्हणून लॅबची केमिकल विकणाऱ्याकडून घेतला. १ लिटर पाण्यात १० ग्रॅम विरघळवून बाटली भरून ठेवली, त्यातलं २०० मिलि ३०० लिटरच्या टाकीत घातलं की अमोनिया २ पीपीएमच्या (लिटरला २ मिलिग्रॅम) जवळपास येतो. ३ डिसेंबरला घातला, टेस्ट केली, बरोबर २.

त्याच दिवसापासून पावडर. पाकिटावर लिहिलेलं की सात दिवस रोज एक चमचा, टाकी तयार. मी सात दिवस टाकली, मग म्हटलं थंडी आहे तर अजून सात दिवस टाकू. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी एकदम दुधाळ झालं आणि मला वाटलं काम सुरू झालं बहुतेक, मी खूश. आठवड्याने पाणी परत स्वच्छ झालं. आणि २३ डिसेंबरला, म्हणजे विसाव्या दिवशी, अमोनिया २ च्या आसपासच आणि नायट्राइट शून्य. वीस दिवसांत काहीही नाही!

मग भिंग घेऊन पाकिटाच्या मागचं बारीक अक्षरातलं वाचलं. बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस आणि पुढे कोटींचे आकडे. हे बॅक्टेरिया खोटे नाहीत, चांगले आहेत, कोळंबीच्या तलावात तळाचा गाळ, उरलेलं खाद्य, विष्ठा कुजवायला वापरतात. पण अमोनियाचं नायट्राइट करून त्यावर जगणारे ते हे नव्हेत. बॅसिलस बीजाणू करून झोपून राहू शकतो म्हणून कोरड्या पाकिटात वर्षभर टिकतो. आपल्याला हवे असलेले नायट्रोसोमोनास, नायट्रोस्पायरा बीजाणू करतच नाहीत, त्यांना ओल लागते, त्यामुळे दुकानातल्या उन्हात लटकवलेल्या कोरड्या पाकिटात ते जिवंत असतील ही अपेक्षा ठेवू नका. ते दुधाळ पाणी म्हणजे पण हेच, सेंद्रिय खाणारे जंतू भराभर वाढले होते. लेबलवर नुसतं बॅसिलस दिसलं की समजायचं, हे गाळासाठी आहे. पाकिटावर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात अमोनिया रिमूव्हर लिहिलेलं होतं याचा मला मनापासून राग आहे, कारण एखाद्याने त्या भरवशावर आठव्या दिवशी मासे सोडले असते तर सगळे गेले असते.

आता लिक्विड. २४ डिसेंबरला आलं, पावडरच्या चौपट किंमत. यावर नायट्रोसोमोनास आणि नायट्रोस्पायरा दोन्ही नावं स्पष्ट, बनवल्याची तारीख, गोठू देऊ नका, उन्हात ठेवू नका, सगळं व्यवस्थित. नायट्रोस्पायरा बघून मला जरा भरवसा वाटला कारण जुन्या पुस्तकांत सगळीकडे नायट्रोबॅक्टर लिहिलेलं असतं, पण अमेरिकेत १९९८ साली गोड्या पाण्याच्या ॲक्वेरियमवर संशोधन प्रसिद्ध झालं त्यात नायट्राइटचं काम नायट्रोस्पायरासारखे बॅक्टेरिया करताना सापडले. म्हणजे ही बाटली बनवणाऱ्याला विषय माहितीये एवढं तरी कळतं.

अर्धी बाटली टाकली. अर्धी फ्रीजमध्ये ठेवली, दारातल्या कप्प्यात, आणि देवाच्या कृपेने ठेवली. त्या आठवड्यात कडाक्याची थंडी. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, तिकडे पारा ६ वर आलेला आणि दादा पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून विहिरीचं पाणी सोडत होता, आमच्या गच्चीवर टाकीत सकाळी थर्मामीटर घातला तर १२.५. दुपारी ऊन लागून १७, रात्री परत खाली. १ जानेवारीपर्यंत रोज टेस्ट, रोज तेच रंग, अमोनिया २, नायट्राइट शून्य. मग मी लिक्विडचं माहितीपत्रक पुन्हा काढलं तर शेवटून दुसऱ्या ओळीत होतं की पाणी २० अंशांच्या वर हवं. ही ओळ पहिली हवी होती हो! आपल्या देशात अर्ध्या लोकांना थंडीत या बाटलीचा उपयोग होणार नाही आणि हे सगळ्यात बारीक अक्षरात.

या बॅक्टेरियांना २५ ते ३० अंश मानवतात. १८ च्या आसपास वेग साधारण निम्म्यावर येतो, १० च्या आसपास पाव उरतो, ४-५ ला जवळजवळ बंदच. आणि मुळात हे हळू वाढणारे, पोटातले ते ई कोलाय बॅक्टेरिया २० मिनिटांत दुप्पट होतात तर यांना सगळं मनासारखं असलं तरी दुप्पट व्हायला दिवसाचा चांगला मोठा भाग लागतो. म्हणजे १३ अंशाच्या पाण्यात ते मेले नाहीत, पण वाढणार किती आणि कधी. तयार झालेली जुनी सिस्टीम थंडीत कशीबशी चालते कारण संख्या भरपूर असते आणि मासे पण कमी खातात. नवीन सिस्टीममध्ये संख्याच नसते.

१ जानेवारीला रात्री मी स्वयंपाकघरात डोकं धरून बसले होते आणि सासूबाई दुधाला विरजण लावत होत्या. थंडीत त्या पातेलं टॉवेलात गुंडाळून कणकेच्या डब्यात ठेवतात. मी म्हटलं आई, माझं विरजण लागतच नाहीये बघा, चांगलं महागातलं आणलं तरी. तर त्या म्हणाल्या, "अगं मग घरात आण की, गच्चीवर कुणी दही लावतं का?"

आणि मला एकदम लख्ख दिसलं. टाकी आणि बेड मिळून ५०० लिटरचा संसार गरम करायची गरजच नाही, आधी थोडीशी खडी घरात उबेत तयार करायची आणि मग ती बेडमध्ये नेऊन पुरायची. दही सकाळी लागतं, याला तीन आठवडे लागतील, एवढाच फरक.

४ जानेवारीला बाथरूमशेजारच्या पॅसेजमध्ये एक मोठा टब ठेवला, अंघोळीचा प्लॅस्टिकचा, त्यात पाणी आणि १०० वॉटचा ॲक्वेरियम हीटर २७ अंशावर लावून. त्या टबात २० लिटरच्या तीन बादल्या उभ्या केल्या, प्रत्येकीत १५ लिटर पाणी. म्हणजे एकाच हीटरवर तिन्ही सारख्या उबेत, आणि हीटर बादल्यांत नसल्यामुळे एकीतलं दुसरीत जायचा प्रश्न नाही. प्रत्येक बादलीत कांद्याच्या जाळीदार गोणीत भरलेली दोन-दोन किलो धुतलेली खडी आणि एक एअर स्टोन. हवा भरपूर लागतेच, १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन खायला या बॅक्टेरियांना साडेचार ग्रॅमच्या वर ऑक्सिजन लागतो. वरून काळं कापड, कारण त्यांना उजेड मानवत नाही. आणि नवसागरचं तेच पाणी, १५ लिटरला १० मिलि, म्हणजे परत २ पीपीएम.

एका बादलीत पावडर. दुसरीत फ्रीजमधल्या लिक्विडचा निम्मा भाग. तिसरीत स्पंज.

स्पंजची गोष्ट अशी की आमच्याकडे एक छोटं मासेविक्रीचं दुकान आहे, काका एकटेच बसतात. त्यांच्याकडे मी बॅक्टेरियाची बाटली विचारायला गेले तर म्हणाले बाटली आहे, विकू शकतो, पण तुमचं काम याने होईल, आणि त्यांनी गोल्डफिशच्या टाकीतला स्पंज फिल्टर काढून माझ्यासमोर एका पिशवीत पिळला, तपकिरी घाणेरडं पाणी, आणि अर्धा स्पंज कापून त्यातच टाकून दिला. पैसे घेतले नाहीत. मीच बळेच गोल्डफिशच्या खाद्याचा डबा विकत घेतला. हा स्पंज किती जुना विचारलं तर म्हणाले दोन वर्षं तरी. अशा दुकानांना लोक ऑनलाइन एक ओळ लिहीत नाहीत, मी इथे नाव टाकत नाहीये पण तुमच्या गल्लीतल्या अशा दुकानात आधी जा एवढं सांगते. फक्त त्या टाकीत मासे आजारी नाहीत ना ते नीट बघून घ्या. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी मासा न मिळाल्यास टिकत नाही, आणि आपली बादली तीन आठवडे माशांशिवाय उबेत राहणार त्यामुळे ती भीती बरीच कमी होते, बाकी रोगांचं मात्र सांगता येत नाही, आणि गोगलगायींची अंडी तर येतातच. आणि घरी आणताना वाटेत वाळू द्यायचा नाही, घरी आल्यावर नळाच्या पाण्याखाली धुवायचा नाही, क्लोरीनने सगळे मरतील.

आता निकाल. स्पंजच्या बादलीत तिसऱ्याच दिवशी नायट्राइटच्या टेस्टला जांभळी छटा आली. मी खरंच ओरडले, मुलगा पळत आला काय झालं म्हणून. ९ जानेवारीला अमोनिया शून्य. संक्रांतीच्या आदल्या दिवसापर्यंत नायट्राइट चढलेलं आणि १५ जानेवारीला शून्य, नायट्रेट आलं. ११ दिवस. त्यानंतर १० मिलि घातलं की दुसऱ्या दिवशी दोन्ही शून्य.

लिक्विडच्या बादलीत पहिले चार दिवस शांतता, मग नायट्राइट दिसायला लागलं, १३ ला अमोनिया शून्य, पण नायट्राइट अडून बसलं ते २४ जानेवारीलाच उतरलं. म्हणजे २० दिवस. तरी तेच लिक्विड जे गच्चीवर आठ दिवस ढिम्म होतं ते २७ अंशाला चाललं, यात बाटलीची काही चूक नाही.

पावडरच्या बादलीत वीस दिवसांनी अमोनिया दीडच्या आसपास आणि नायट्राइट जेमतेम दिसेल न दिसेल. तेवढं तर खडीवर आपोआप आलेल्या बॅक्टेरियांनी पण केलं असेल. माझ्या घरातल्या तीन बादल्यांवरून मी काही शास्त्र सांगत नाही, नुसतं साधं पाणी ठेवलेली चौथी बादली हवी होती असं नंतर वाटलं, पण फरक इतका आहे की मला पुरेसा आहे.

टेस्ट किटबद्दल दोन शब्द, कारण त्याशिवाय यातलं काहीच कळलं नसतं. एपीआयचं फ्रेशवॉटर मास्टर किट आहे माझ्याकडे, थेंबांचं. महाग वाटतं पण एका किटमध्ये भरपूर टेस्ट होतात आणि माझ्या मते या सगळ्या खर्चात हा पहिला करायचा खर्च. रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर बघा, ट्यूबलाइटखाली मला ०.२५ आणि शून्य सारखेच दिसतात. नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवावीच लागते आणि थेंब घातल्यावर नळी अजून एक मिनिट, नाहीतर नायट्रेट असून दिसत नाही. आणि दोन पीएच टेस्ट का असतात ते मला आधी कळलं नव्हतं, साधी ७.६ पर्यंतच दाखवते, आपल्या बोअरच्या पाण्याला हाय रेंजची लागते. माझं ८ निघालं.

पीएचचं आणि थंडीचं एक नातं आहे ते लक्षात ठेवा. पीएच ८ असताना २५ अंशाला एकूण अमोनियातला ५ टक्क्यांच्या जवळपास भाग विषारी रूपात असतो, १५ अंशाला त्याच्या निम्माच. म्हणून काही जण थंडीत सायकल न करता मासे सोडतात आणि मासे जगतात, आणि त्यांना वाटतं झालं सगळं. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन चढलं की पाण्यात आहे तोच अमोनिया दुपटीने विषारी होतो, वर मासे जोरात खायला लागतात, आणि मग एका आठवड्यात टाकी रिकामी होते. माझ्या ओळखीत एकाकडे हे झालंय.

बोअरच्या पाण्याचा मात्र मला फायदाच झाला. एक तर दादा जे बागेत करतो तेच, थंडीत पहाटे जमिनीखालचं पाणी हवेपेक्षा खूप गरम असतं, आमच्या बोअरचं सकाळी सहाला २४ अंश भरलं. दुसरं म्हणजे हे बॅक्टेरिया काम करताना पाण्यातली अल्कलिनिटी (पीएच घसरू न देणारे क्षार) खातात, अमोनिया-नायट्रोजनच्या सातपट, आणि मऊ पाणी असेल तर पीएच ६ च्या खाली घसरून काम थांबतं. बोअरच्या जड पाण्यात ती काळजी नाही. उलट बाजू अशी की पीएच ८ ला झाडांना लोह मिळत नाही, मेथीची कोवळी पानं पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. द्राक्षवाल्यांना हे दाखवलं की एका सेकंदात सांगतात. दादाने ईडीडीएचए चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपात बांधलेलं) दिलं, ईडीटीएवालं नको म्हणाला, ते एवढ्या पीएचला टिकत नाही. पाणी लालसर होतं, घाबरू नका.

हीटरचा रिव्ह्यू पण देते. टबातला १०० वॉटचा उत्तम, पॅसेजमध्ये घरातलीच ऊब असल्यामुळे अर्धा वेळच चालला, दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास. गच्चीवरच्या टाकीसाठी ३०० वॉटचा घेतला होता तो आधी वाया गेला असंच वाटलं, रात्रभर चालू आणि पाणी १८ च्या वर जाईना. दोन रात्री बसून बघितल्यावर कारण कळलं. पंप दर तासाला गरम केलेलं पाणी वर थंड खडीत ओततो, उघड्या आभाळाखाली, आणि थंड करून खाली आणतो. ग्रो बेड म्हणजे गाडीचा रेडिएटरच झाला. मग टायमर बदलला, रात्री १० ते सकाळी ८ दर तीन तासांनी एकदाच पंप, टाकीत एअर पंप मात्र रात्रभर चालू. टाकीला दोन इंची थर्माकोल चारी बाजूंनी आणि खाली, वर झाकण. बेडवर पीव्हीसी पाइपच्या कमानी वाकवून प्लॅस्टिक, सकाळी ऊन आलं की बाजू उघडायच्या. दुसऱ्या रात्रीपासून तोच हीटर पाणी २२ वर धरायला लागला. हीटर टाकीच्या तळाशी आडवा बसवा, सायफनच्या सिस्टीममध्ये पाण्याची पातळी खाली-वर होते आणि तापलेली काच उघडी पडली की फुटते. आणि गच्चीवर पाणी आणि वीज एकत्र म्हणजे अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळाली की लगेच बंद करणारा स्विच) शिवाय करूच नका, मी इलेक्ट्रिशियन बोलावून बसवून घेतला, त्यात काटकसर नाही. हात घालायच्या आधी प्लग काढायचा हा आमच्या घरी नियम आहे.

२५ जानेवारीला स्पंज आणि लिक्विडच्या बादल्यांमधल्या दोन्ही गोण्या वर नेल्या. २७ अंशावरून एकदम २२ मध्ये टाकायला नको म्हणून आदल्या दिवशी हीटर खाली खाली आणला. बेडमध्ये जिथे पाणी पडतं तिथे खडी बाजूला करून निम्म्या खोलीवर पुरल्या, गोणीसकट, म्हणजे हव्या तेव्हा काढता येतील. स्पंज टाकीत. पंधरा लिटरच्या बादल्यांतलं पाणी पण ओतलं, पण त्याचा फार उपयोग नसतो, माल सगळा खडीवर. मग पूर्ण टाकीला २ पीपीएम चालवायला त्यांना सहा दिवस लागले आणि नंतर रोज. २ फेब्रुवारीला दहा गोल्डफिश सोडले, त्याच काकांकडून. तिलापिया सुचवणारे खूप भेटतात पण एक तर त्यासाठी परवानगीचे नियम आहेत आणि दुसरं, पाणी १६-१८ च्या खाली गेलं की तो खायचं सोडतो, १०-१२ ला मरतो, आमच्याकडच्या थंडीत नको. गोल्डफिशला थंडीचं काही वाटत नाही. पहिला आठवडा दिवसातून एकदा, दुपारी, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य. अमोनिया एकदा ०.२५ दिसला, बाकी शून्य. नायट्राइट एकदाही नाही.

पालक या सगळ्यात मजेत. थंडी त्याला आवडतेच, आणि नायट्रेट मिळायला लागल्यावर पंधरा दिवसांत पानं तळहाताएवढी झाली.

तर पावडरला मी पाचात एक देईन, ते पण गाळ कुजवायला उपयोगी पडेल म्हणून, सायकलिंगसाठी शून्य. लिक्विडला साडेतीन. माल खरा आहे, पण तापमानाची सूचना लपवल्यासारखी आहे, कुरियरमध्ये किती दिवस कसं राहिलं ते आपल्याला कळत नाही, आणि जवळपास कुणाकडे जुना फिल्टर असेल तर गरजच नाही. गावात ॲक्वेरियमचं दुकानच नसेल, कुणाकडे टाकी नसेल, तर जरूर घ्या, पण उबेत वापरा आणि अर्धी बाटली राखून ठेवा. स्पंजला पाचात पाच.

मुंबई, कोकण, गोवा इकडच्या लोकांना यातलं बरंचसं लागू नाही, तिकडे जानेवारीत पण पाणी फारसं उतरत नाही, तुम्ही सरळ बेडमध्येच स्पंज पिळा. नाशिक, निफाड, जळगाव, विदर्भ, महाबळेश्वरच्या बाजूला जे आहात त्यांना ऑक्टोबर हीटमध्ये सुरू करणं सगळ्यात सोपं, थंडी येईपर्यंत बेड तयार होतो. ते हुकलं असेल तर बादली.

माझ्या बेडमध्ये आता एक जादाची गोणी पुरून ठेवलीये, पाच किलोची. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती पिकेल असा अंदाज आहे. शेजारच्या बिल्डिंगमधल्या दोघांनी आधीच सांगून ठेवलंय, आणि एक किलो मी काकांना देणार आहे, त्यांच्या नवीन टाकीसाठी.